क्लचसरांचं संपर्क कार्यालय

क्लचसर निवडून आले याचा सगळ्यात मोठा धक्का खुद्द क्लचसरांनाच बसला. वॉर्डात खरे उमेदवार दोघेच होते. दोघांचं आपसात इतकं वैर, की मतदानाच्या आदल्या दिवशी दोघांनीही आपापल्या माणसांना निरोप दिला, मला नाही दिलं तरी चालेल, पण त्याला देऊ नका, दुसऱ्या कुणालाही द्या. हा ‘कुणालाही’ म्हणजे क्लचसर.

सर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. वॉर्डातले निम्मे लोक त्यांच्या शेजारी बसून, ‘क्लच, क्लच, अहो क्लच दाबा’ असं ऐकत ऐकत गाडी शिकले होते. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. सरांचा आयुष्यावर जो काही विश्वास होता तो त्या ब्रेकवर होता. पालिकेच्या पहिल्याच सभेत विषय अशा वेगाने सुटले की सरांचा उजवा पाय खुर्चीखाली आपोआप दाबला गेला. काहीही थांबलं नाही. महापौरबाई विषयाचा क्रमांक वाचायच्या, मागून कुणीतरी ‘मंजूर’ म्हणायचं आणि पुढचा क्रमांक यायचा.

“आत्ता काय मंजूर झालं?” सरांनी शेजारच्या जुन्या नगरसेवकाला विचारलं.

“ते हळूहळू कळतं,” तो म्हणाला. “घाई करू नका.”

सरांची अडचण अशी, की प्रचारात त्यांनी एकच वचन दिलं होतं: सभेत जे होईल ते सगळं लोकांना सांगणार. रस्त्याचं किंवा पाण्याचं वचन दिलं असतं तर निभावून नेता आलं असतं. सांगायचं वचन दिल्यामुळे आधी समजून घेणं आलं.

सांगण्याची जबाबदारी मेहुण्याने उचलली. त्याचं बॅनर छापायचं दुकान होतं, त्यामुळे भाषा त्याच्या हातात तयार असायची. त्याने फोनवर ‘थेट संवाद’ नावाचा ग्रुप काढला आणि सगळ्या वॉर्डाला त्यात ओढलं. त्याचा पहिला संदेश असा होता: ‘आपल्या लाडक्या सरांच्या अथक प्रयत्नांतून उद्या पाणी येणार नाही.’

त्यावर भराभर अंगठे आले. सर हरखून गेले. पुढे त्यांच्या लक्षात आलं की वॉर्डात अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच होता. मांजर हरवलं तरी अंगठा, दिवे गेले तरी अंगठा. कुणाचे वडील गेले तरी आधी चार अंगठे पडायचे, मग कुणीतरी खडसावलं की त्यांच्या जागी जोडलेले हात यायचे. निवृत्त लघुलेखक काका तर न वाचताच अंगठा द्यायचे, कारण वाचायला चष्मा शोधावा लागे आणि अंगठ्याला लागत नसे. शिवाय अंगठा कुणी दिला नाही हे मेहुणा बघतो अशी वदंता होती. मेहुणा खरंच बघायचा.

अशात एक दिवस मेहुण्याने संदेश टाकला: ‘आनंदाची बातमी. सरांना हक्काचं संपर्क कार्यालय मिळणार. पालिकेचा ब विभागातील गाळा त्यासाठी प्रस्तावित. हरकती व सूचना शुक्रवारपर्यंत.’ खाली फुलं, फुगे आणि सरांचा गाडीच्या खिडकीतून हात काढलेला फोटो. हरकतीचं वाक्य पालिकेच्या पत्रात होतं म्हणून त्याने जसंच्या तसं ठेवलं. तशी वाक्यं सगळ्याच पत्रात असतात.

अंगठ्यांचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दाढी करत असताना पाळणाघराच्या मावशी घरी आल्या. पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत त्या पाळणाघर चालवत. नोकरीवर जाणाऱ्या आया सकाळी मुलं सोडायच्या आणि संध्याकाळी घेऊन जायच्या. मावशींच्या कडेवर एक मूल होतं आणि मुलाच्या हातात सरांच्या दाराबाहेरची एक चप्पल होती.

“सर, तुम्ही मला काढताय का?”

“कुठून?” सर म्हणाले. अर्ध्या गालाला साबण होता.

“खोलीतून.”

“कुठल्या खोलीतून?”

“तुमच्या.”

“माझी कुठली खोली?”

“तेच विचारायला आले.”

सरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मुलाच्या हातातून चप्पल सोडवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“काल एक माणूस टेप घेऊन आला,” मावशी म्हणाल्या. “म्हणाला, साहेबांच्या टेबलाचं माप घ्यायचंय. म्हटलं, इथे कोण साहेब? तर म्हणे नगरसेवक. पाळणे टांगलेत ना, तिथे तुमचं टेबल येणारे म्हणाला. खिडकीपाशी. साहेबांना उजेड लागतो म्हणे.”

“मला कशाला उजेड लागतो?”

“मला काय माहीत.”

सरांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडू लागला, पण तो नको त्या खोलीत पडत होता. ब विभागातला गाळा म्हणजे पाळणाघर. वॉर्डात त्या खोलीला गाळा कुणी म्हणत नसे. दारावर कधीकाळी क्रमांक होता, त्यावर मावशींनी निळा ससा रंगवून घेतला होता.

आतून मेहुणा आला. तो सकाळचा चहा बहिणीकडे घ्यायचा. “मावशी, पण तुम्ही स्वतःच अंगठा दिलाय की. वर टाळ्यासुद्धा.”

“टाळ्या सरांच्या ऑफिसला दिल्या. खोलीला कुठे दिल्या?”

“ऑफिस खोलीतच असतं ना, मावशी.”

“तू गप रे,” बायको भावाला म्हणाली.

मावशींनी मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “सर, मला बाकी काही कळत नाही. पुढच्या महिन्यापासून मुलं आणा म्हणू का नको म्हणू, तेवढं सांगा. ती नर्स रात्रपाळी करून येते आणि पोराला माझ्याकडे टाकून झोपते. तिला दुसरीकडे बघायचं तर वेळ लागेल. मलाही लागेल. ही खोली गेली तर माझ्याकडे दुसरी नाही.”

“मी यात लक्ष घालतो,” सर म्हणाले.

“म्हणजे हो का नाही?”

सर विचारात पडले. निवडून आल्यापासून त्यांनी काही वाक्यं शिकून घेतली होती. लक्ष घालतो, पाठपुरावा करतो, प्रशासन सकारात्मक आहे. त्यांपैकी एकातही हो किंवा नाही बसत नव्हतं.

“सांगतो,” ते म्हणाले.

मावशी गेल्या. चप्पलही गेली.

पालिकेत मिळकत विभागाचे साहेब अत्यंत नम्र होते. त्यांनी उठून सरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“अभिनंदन, सर. आम्ही वर्षानुवर्षं हरकती मागवतो, कुणी वाचतसुद्धा नाही. तुमच्या वॉर्डाने एका संध्याकाळी सगळ्यांची संमती दिली. तुमच्या मेहुण्यांनी फोनच्या पडद्याचे फोटो पाठवलेत. मी आयुक्तांना दाखवले.”

“ती संमती नाही,” सर म्हणाले. “ते नुसतं वाचलं म्हणून.”

“वाचलं आणि हरकत घेतली नाही.”

“हो.”

“मग याला आपण काय म्हणायचं?”

सरांनी दुसऱ्या बाजूने गाडी घातली. “तिथे पाळणाघर आहे.”

साहेबांनी संगणकाकडे पाहिलं. “नाही. खोली रिकामी आहे.”

“मी बघितलंय. मुलं असतात.”

“रिकाम्या खोलीत मुलं असू शकतात, सर. त्याने खोली भरलेली होत नाही. वापराची नोंद लागते.”

“आधीच्या नगरसेवकांनी मावशींना सांगितलं होतं, वापरा म्हणून.”

“तोंडी सांगितलं असेल. तोंडी सांगितलेलं आम्हाला ऐकू येत नाही.” साहेब हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. एखाद्याने ‘मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं’ म्हणावं तसं बोलले.

“मग मला कार्यालय नको,” सर म्हणाले. इतका सोपा उपाय आपल्याला आधी कसा सुचला नाही याचं त्यांना नवल वाटलं.

“असं कसं? नागरिकांनी तुम्हाला भेटायचं कुठे?”

“घरी येतात ना.”

“घरी पाहुणे येतात, सर. नागरिक कार्यालयात येतात. तरी तुम्ही नको म्हणालात तर प्रश्नच नाही, गाळा आमच्याकडे परत येईल.”

“मग झालं.”

“परत आलेल्या रिकाम्या गाळ्याला आम्ही कुलूप लावतो.”

सरांचा पाय टेबलाखाली दाबला गेला.

साहेबांना त्यांची दया आली असावी. ते पुढे झुकून म्हणाले, “शुक्रवारपर्यंत वेळ आहे. भरपूर हरकती येऊ द्या, विषय तहकूब ठेवतो. तहकूब झालेला विषय पुन्हा वर यायला आमच्याकडे बराच काळ जातो. मात्र हरकती त्याच ग्रुपवर घ्या, म्हणजे आम्हाला तुलना करता येईल.”

सर घरी आले. मेहुण्याच्या हाती न देता त्यांनी स्वतः संदेश लिहिला: ‘माझ्या कार्यालयामुळे पाळणाघर जाणार आहे. तरी सर्वांनी माझ्या कार्यालयाला हरकत घ्यावी ही विनंती.’

पहिला अंगठा लघुलेखक काकांचा आला. मग सगळ्यांचे आले. वॉर्डातल्या वायरमनने लिहिलं, ‘आमची काही हरकत नाही सर, तुम्ही बिनधास्त घ्या ऑफिस.’ कुणीतरी अभिनंदन केलं. खाली मेहुण्याने सवयीने टाकलं: ‘सरांचा आणखी एक धडाडीचा निर्णय.’

गुरुवारी संध्याकाळी सरांनी लोकांना पाळणाघरासमोरच बोलावलं. समोरासमोर सांगितलं तर घोळ होणार नाही अशी त्यांची समजूत होती. आया मुलं न्यायला आल्याच होत्या, त्याही थांबल्या.

“मला तुमचा विरोध हवाय,” सरांनी सुरुवात केली.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कुणाला विरोध?” वायरमनने विचारलं.

“मला. म्हणजे माझ्या कार्यालयाला.”

“अहो, पण आम्ही तुम्हालाच मत दिलंय.”

“म्हणूनच सांगतोय. माझ्या बाजूने असाल तर माझ्या विरोधात जा.”

“आणि विरोधात असू तर?” मागून एकाने विचारलं. तो पडलेल्या उमेदवाराचा माणूस होता आणि खरोखर अडचणीत सापडलेला दिसत होता.

“तरी विरोधातच जा.”

“म्हणजे मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?”

लघुलेखक काकांनी हात वर केला. “मी जन्मभर साहेबांचं बोलणं उतरवून घेतलंय. साहेब जेव्हा म्हणायचे, मनात येईल ते मोकळेपणाने बोला, तेव्हा कोण कोण बोललं ते नंतर बघितलं जायचं. मी आपला अंगठा देऊन मोकळा होतो.”

“काका, ही परीक्षा नाही.”

“तसंच म्हणायचे तेही.”

नर्सला राहवेना. तिच्या खांद्यावर तिचं पोर झोपलं होतं. “अहो, सोपं आहे. सर इथे बसले तर मुलं कुठे बसणार? एवढंच बघा ना.”

“मुलं सरांच्या घरी नेता येतील,” वायरमनने तोडगा काढला. “सर इथे, मुलं तिथे. घर रिकामंच की दिवसभर.”

सरांची बायको गर्दीत होती. तिने वायरमनकडे असं पाहिलं की त्याने तोडगा लगेच परत घेतला.

चर्चा बराच वेळ चालली. शेवटी लोक पांगले तेव्हा निम्म्यांना वाटत होतं की सर पाळणाघर हलवतायत आणि लोकांच्या तोंडून ते वदवून घेतायत. उरलेल्या निम्म्यांना वाटत होतं की सरांचं कार्यालय कुणीतरी हाणून पाडतंय आणि सरांना आपली गरज आहे. त्यांनी जाता जाता सरांच्या पाठीवर थाप मारली. “काळजी करू नका, ऑफिस होणार म्हणजे होणार.”

मावशी पायरीवर बसून लंगोट मोजत होत्या. “मग?” त्यांनी विचारलं.

“लोक सकारात्मक आहेत,” सर म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी नर्सची हरकत आली, आणखी काही आयांची आली आणि सरांच्या बायकोची आली. बायकोची हरकत साहेबांनी घरगुती म्हणून बाजूला ठेवली. आयांनी आधीच्या संदेशाला अंगठे दिलेले असल्यामुळे त्यांचं म्हणणं दोन्ही बाजूंना धरण्यात आलं, म्हणजे धरण्यात आलं नाही. सरांनी स्वतः हरकत नोंदवली, तेव्हा ज्याला जागा मिळतेय त्याला हरकत घेता येत नाही असं साहेबांनी अत्यंत दिलगिरीने कळवलं.

सोमवारी दुपारी साहेब ताबा द्यायला आले. सोबत कुलूप होतं आणि बाहेर टेम्पोत टेबल होतं. ती वेळ मुलांच्या झोपेची होती. चटईवर मुलं ओळीने पडली होती, पाळण्यात दोन तान्ही होती. मावशी दारातच तोंडावर बोट ठेवून उभ्या होत्या, त्यामुळे पालिकेचा सगळा कारभार कुजबुजत झाला.

“इथे सही,” साहेब कुजबुजले.

सरांनी वाचलं. ‘रिकामी खोली ताब्यात मिळाली.’

“रिकामी कुठाय?” सर कुजबुजले.

“ते छापलेलंच असतं, सर.”

“नाही केली सही तर?”

साहेबांनी कुलूप किंचित वर करून दाखवलं.

“केली तर?”

“खोली तुमची. टेबल आत घेतो.”

“आणि ही मुलं?”

साहेबांनी चटईकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ते जरा मागे सरकले. एका मुलाची मूठ त्यांच्या बुटाजवळ आली होती. “ती… सही झाल्यावर तुमच्या कार्यालयातली होतील. तुमच्या कार्यालयात काय ठेवायचं ते विभाग कसं सांगणार?”

सर थांबले. “म्हणजे इथे कुणी बसायचं ते मी ठरवायचं?”

“कार्यालयात नागरिक बसतात, सर.”

“हे नागरिक नाहीत का?”

“मतदार नाहीत.” साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “नागरिक आहेत का ते… तपासावं लागेल.”

सरांनी सही केली.

मावशींना दारातून फक्त सही दिसली. त्यांनी आत येऊन कोपऱ्यातली एक गोधडी उचलली, तिची घडी घातली, मग दुसरी उचलली. त्या घड्या घालत होत्या आणि सर बघत होते. तिसरी घडी झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, “नर्सला काय सांगू?”

“मी पाठ…” सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

साहेबांनी त्यांची बाही धरली. “सर, एक मित्र म्हणून सांगतो. आता काही बोलू नका. बघू, करू म्हणा. कार्यालयाच्या जागेत पाळणाघर चालवायला तुम्ही परवानगी दिली असं कुणी ऐकलं आणि उद्या तक्रार गेली, तर तुमच्या पदावर येईल. लोक पदासाठी काय काय करतात आणि तुम्ही नुकते कुठे…”

सरांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. त्यांनी तो उचलला.

“खोली आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांना सांगा, पुढच्या महिन्यातही मुलं आणा. मी सांगितलंय म्हणून सांगा.”

घोळ एवढाच झाला, की ते कुजबुजायचं विसरले. भर चौकात, ट्रकच्या आवाजात, घाबरलेल्या शिकाऊ माणसाला सांगायचा तो आवाज होता. पाळण्यातलं एक तान्हं दचकून रडलं, त्याच्या रडण्याने दुसरं उठलं आणि बघता बघता सगळी चटई उठून बसली आणि सगळ्यांनी सूर लावला.

मावशींच्या हातातून घडी सुटली. “अहो, एवढं ओरडून सांगायची काय गरज होती?” त्या म्हणाल्या. “आत्ताच डोळा लागला होता त्यांचा. आता कोण झोपवणार सगळ्यांना?” असं म्हणत त्यांनी एक तान्हं उचलून सरांच्या हातात कोंबलं, दुसरं स्वतः घेतलं आणि डोळे पुसले. कुणाचे पुसले ते त्या गोंधळात नीट कळलं नाही.

“मान धरा त्याची,” त्या म्हणाल्या. “स्टेअरिंग नाहीये ते.”

टेम्पोवाला दारात आला. “साहेब, टेबल कुठे घेऊ?”

“बाहेर पायरीपाशी ठेव,” मावशी म्हणाल्या. “सर तिथे बसतील. खिडकीजवळ नको, थंडीत मुलांना तिथेच ऊन मिळतं.”

टेम्पोवाल्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर तान्ह्याला खालीवर हलवत होते, आणि ते जितकं हलवत तितकं ते जास्त रडत होतं.

“तसंच कर,” सर म्हणाले.

रडण्याच्या गलक्यातच साहेबांनी कुलूप खिशात टाकलं आणि पेन काढलं. ताब्याच्या कागदाखाली शेऱ्याची एक ओळ रिकामी होती, ती भरल्याशिवाय त्यांना जाता येत नव्हतं. ते बराच वेळ विचार करत राहिले. एक मूल त्यांची पँट धरून उभं राहिलं होतं. त्याला न ढकलता, जरासं वाकून, त्यांनी लिहिलं: ‘संपर्क कार्यालय सुरू झाले. नागरिकांची गर्दी होती.’